पाचपैकी पाच गुण आणि मास्क धरणारा हात

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाचा श्वास सुरू करण्याचे प्रशिक्षण आम्ही स्टाफ नर्स व एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका) भगिनींना दिले. अखेरीस ‘तुम्हाला किती आत्मविश्वास वाटतो?’ असे विचारून एक ते पाच गुण देण्यास सांगितले असता जवळजवळ सर्वांनी पाच दिले. प्रशिक्षण यशस्वी झाले असे समजावे काय?

उत्तर : डॉक्टर, एवढ्यावरून तसे समजू नये. ज्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाताखाली रोज काम करायचे, त्याच्याच हाती कागद द्यायचा असताना कोणती एएनएम दोन गुण लिहील? म्हणून अर्जावर नाव न घेता सांकेतिक क्रमांक घ्यावा.

शिवाय तुमचा प्रश्न फार ढोबळ आहे. अमुक काम अमुक परिस्थितीत मला जमेल, हा विश्वास प्रत्येक कामागणिक वेगळा असतो, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्येच मांडले होते. तेव्हा वेगवेगळे विचारा : बाळ कोरडे करून पाठ चोळल्यावरही ते श्वास घेत नसेल, तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्क (बाळाच्या नाका-तोंडावर मास्क धरून पिशवी दाबून हवा देण्याचे साधन) सुरू करता येईल काय? मिनिटाला 40 ते 60 या गतीने श्वास देता येतील काय? छाती उचलली जात नसेल, तर मान व मास्क नीट करून पुन्हा प्रयत्न करता येईल काय? आणि हे सर्व रात्री उपकेंद्रात एकटी असताना जमेल काय? या शेवटच्या प्रश्नाला मिळणारे गुण मला सर्वांत मोलाचे वाटतात.

प्रशिक्षणापूर्वीचे गुणही जपून वाचावेत. आपल्याला काय येत नव्हते हे पुष्कळदा शिकल्यावरच कळते, त्यामुळे आधी चार देणारी परिचारिका नंतरही चारच देते आणि काहीच बदलले नाही असे दिसते. यासाठी शेवटी ‘आज मागे वळून पाहता, तेव्हा तुम्ही स्वतःला किती गुण द्याल?’ असेही विचारावे.

मात्र खरी कसोटी डमीवरच, म्हणजे सरावासाठीच्या बाळाच्या बाहुलीवरच, होते. गुण लिहून झाल्यावर प्रत्येकीला डमीवर काम करायला लावून मास्कच्या कडेने हवा निसटते काय, छाती उचलली जाते काय, हे तपासणी-यादीवर नोंदवावे आणि सांकेतिक क्रमांकानुसार दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्यात. गुण पाच, पण हवा निसटते आहे, अशा भगिनीकडे आधी लक्ष द्यावे, कारण ती मदत मागणार नाही. जिचा हात चांगला आहे पण गुण दोन आहेत, तिला नवे काही शिकवायचे नसते. तिच्याकडून सराव करून घ्यावा, कारण बिचकण्यातच ते मिनिट निघून जाते.

शंभर नवजातांपैकी साधारण दहांना श्वास सुरू होण्यासाठी काही मदत लागते आणि त्यांतील पुष्कळांना कोरडे करणे व पाठ चोळणे एवढेच पुरते. म्हणजे महिन्याला चार बाळंतपणे होणाऱ्या उपकेंद्रात बॅग-मास्क हाती घेण्याची वेळ वर्षातून एखाद-दोनदाच येईल. सराव नसेल तर हाताचे कसब काही महिन्यांतच ओसरते, पण आत्मविश्वास कागदावर तसाच राहू शकतो. म्हणून तिसऱ्या व सहाव्या महिन्यात दोन्ही मोजमापे पुन्हा घ्यावीत. आपल्या विदर्भातल्याच गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करून त्यांच्याकडे श्वास कोंडलेल्या बाळांची काळजी सोपवली, तेव्हा प्रशिक्षणानंतरही पर्यवेक्षक नियमितपणे गावी जात राहिले.

तालुक्याला डमी एकच असेल, तर ती मासिक सभेच्या दिवशी मागवून घ्यावी आणि सभा सुरू होण्यापूर्वी प्रत्येकीला पाच मिनिटे तिच्यावर काम करू द्यावे.