सांगलीत बांधून तयार असलेली नवीन घरं बघायला जाताना नेमकं काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की पुढचे दोन-तीन रविवार सांगली-मिरजेतली तयार घरं बघायची आहेत आणि घर पहिल्यांदाच घेताय. आम्ही हेच 2019 च्या पुरानंतर केलं. त्या ऑगस्टमध्ये सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. तिथं धोक्याची पातळी 45 फूट आहे. गावभागातली आमची भाड्याची तळमजल्याची खोली पाण्याखाली गेली, त्यामुळे माझं उत्तर पाण्यापासूनच सुरू होतं.

साइटवर पोचलात की लगेच आत जाऊ नका. आधी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, दूध घालणाऱ्याला, शेजारच्या जुन्या घरातल्या आजींना विचारा: "एकोणीसला पाणी कुठवर होतं? एकवीसला?" लोक भिंतीला हात लावून दाखवतात. साइट ऑफिसातला माणूस "इथं पूर येत नाही" म्हणेल, आणि ते खरंही असेल. पण पावसाचं पाणी वेगळं. शामरावनगरसारख्या काळ्या मातीच्या भागात पाऊस थांबला तरी पाणी मुरत नाही, रस्त्यावरच साचून राहतं. म्हणून एक फेरी जुलैत, भर पावसातच मारा. जमिनीचा गट नंबर घेऊन पूररेषाही तपासा. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणारा.

काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. पाया नीट घेतलेला नसला तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. प्लास्टरच्या केसासारख्या बारीक भेगांना घाबरू नका, पण तिरकी आणि रुंद होत गेलेली भेग दिसली, किंवा एकाच भिंतीवर ताज्या रंगाचा पट्टा दिसला, तर तिथं काय झालं होतं ते विचाराच.

सॅम्पल फ्लॅटमध्ये आम्ही जवळजवळ फसलो होतो. बेडरूम इतकी ऐसपैस वाटली की बायकोने पडद्यांचा रंगसुद्धा ठरवला. मी टेप लावला तर पलंगच लांबीला पावणेसहा फुटांचा निघाला, आणि आतल्या खोल्यांना दारंच बसवलेली नव्हती! तेव्हा आपल्या पलंगाचं, कपाटाचं, फ्रिजचं माप वहीत लिहून न्या. आणि जो फ्लॅट घेणार तोच उघडून दाखवा म्हणा, "सेम टू सेम आहे" यावर थांबू नका.

आत गेल्यावर बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता आणि ते जाळीकडे जातंय की दाराकडे, ते उभं राहून बघा. फरशीवर नाणं वाजवा, पोकळ आवाज आला तर खाली माल नीट भरलेला नाही. वरच्या मजल्यावरचे सगळे नळ एकदम सोडा आणि धार किती कमी होते ते बघा. आमच्याबरोबर आई होती. तिने ओट्यापाशी उभं राहून कुकर कुठं, मिक्सर कुठं असं हाताने करून बघितलं, आणि प्लगपॉइंट सिंकच्या अगदी वर आहे हे तिलाच दिसलं.

कागदांत सगळ्यात आधी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला वापरता येईल असा दाखला, मागा. ते असेल तर जीएसटी लागत नाही. "येईल महिन्याभरात" असं उत्तर आलं तर टोकन देऊ नका. प्रकल्प महारेरात (गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदलेला असेल तर नोंदणीकृत करारनाम्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ताब्यानंतर 5 वर्षं बांधकामातले दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. मात्र 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा 8 घरांपर्यंतचे प्रकल्प नोंदणीतून सुटतात, आणि आपल्याकडच्या रो-हाऊसच्या छोट्या स्कीम बऱ्याचदा त्यातच बसतात. तिथं वकिलाकडून कागद तपासून घ्याच. भाव कार्पेटवरच, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळावरच बोला. त्यात बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत.

कुठला भाग बघताय ते कमेंटमध्ये लिहा. विश्रामबाग, कुपवाड रोड, मिरज या बाजूला आम्ही बरंच फिरलोय, तिथलं जेवढं पाहिलंय तेवढं नक्की सांगेन.