गोळा हाताने जात नाही, ताई
वाचकांचे प्रश्न, मैदानावरच्या सरांची उत्तरं

सर, माझी मुलगी नववीत आहे. जिल्हा स्पर्धेत गोळाफेकीत दुसरी आली. नवे सर तिला आठवड्यातून तीन दिवस वेटलिफ्टिंगच्या हॉलमध्ये पाठवतात. सासूबाई म्हणतात, पोरीची उंची खुंटेल, अंग पुरुषी होईल. गोळा फेकायला बार उचलायची गरजच काय?
– एक आई, विटा

ताई, ही भीती माझ्याही घरात होती. १९८३ साली मी सांगलीत कॉलेजात थाळी फेकायचो, तेव्हा आम्हाला बजावलं जायचं की वजनं मारू नका, अंग आखडतं. आम्ही जोर-बैठका काढायचो आणि थाळी काही चाळीस मीटरच्या पुढे जायची नाही. मग एकाच्या सांगण्यावरून बार घेतला, तोही शिकल्याशिवाय, थेट जड. आठवडाभरात कमरेत चमक भरली आणि अख्खा मोसम हातचा गेला. त्यामुळे वजनाला हात न लावण्याची चूक आणि घाईने लावण्याची चूक, दोन्ही मी सोसल्या आहेत.

डोळे उघडले ते पतियाळात. मोती बाग राजवाड्यातल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत मी ॲथलेटिक्सच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम करत होतो. संध्याकाळी मोकळा वेळ मिळाला की वेटलिफ्टिंगच्या हॉलच्या दारात जाऊन उभा राहायचो. एकदा माझ्या खांद्याला लागेल एवढा एक मुलगा सराव संपवून आला आणि जागच्या जागी उडी मारून कमरेएवढ्या ठोकळ्यावर अलगद उभा राहिला. धावत येऊन नाही, जागेवरून! त्या रात्री मला झोप नाही. वजन उचलणारा माणूस जड होतो हे मी इतकी वर्षं धरून बसलो होतो आणि समोर हा मुलगा पाखरासारखा उडत होता.

दुसऱ्या दिवसापासून मी बार सोडून उचलणाऱ्यांचे पाय बघायला लागलो. स्नॅचमध्ये, म्हणजे बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर नेताना, हात बार ओढत नाहीत. टाचा जमीन दाबतात; घोटा, गुडघा, कंबर एका झटक्यात उघडतात, बार मांडीला घासून वर सुटतो आणि माणूस त्याच्याखाली शिरतो. गोळाफेकीतही अगदी हेच घडतं. पाय ढकलतो, कंबर वळते, छाती उघडते आणि हात सगळ्यात शेवटी येतो. ज्याचा हात आधी निघाला त्याचा गोळा पायाशी पडला म्हणून समजा. आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात स्नॅच ११३ आणि क्लीन अँड जर्क (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३५, एकूण २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं. स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार डोक्यावर न्यायचा, तर ते नुसत्या दंडांच्या जोरावर होत नाही.

त्याचा हात झोळीत असलेला फोटो तुम्ही पाहिला असेल. त्याच दिवशी १३९ किलो उचलताना त्याच्या कोपराला इजा झाली. सुवर्ण एका किलोने हुकलं. तो धोका पदकाच्या उंबरठ्यावरच्या खेळाडूचा आहे. नववीतल्या मुलीला कुणी तसा धोका घ्यायला लावत असेल, तर तिला त्या हॉलमधून सरळ घरी घेऊन या.

उंचीचं सांगतो. नीट देखरेखीखाली, बेताबेताने वजन वाढवलं तर उंची खुंटत नाही. आणि मुलींच्या शरीरात पुरुषी संप्रेरकं इतकी कमी असतात की सासूबाईंना वाटतं तसं अंग होणार नाही. तुम्ही स्वतः जाऊन एकच गोष्ट बघा: पहिले काही आठवडे तिच्या हातात काय आहे? काठी किंवा पोकळ पाइप असेल तर सर जाणते आहेत. मुलींचा बारच १५ किलोचा असतो, तो पुढची पायरी. माझ्याकडे एक मुलगी दोन महिने फक्त काठीवर होती, रोज विचारायची, "सर, वजन कधी?" एका सकाळी तिने काठी वर नेली आणि कोपरं अशी चटकन पुढे आली की काठी खांद्यावर बसल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. मी म्हटलं, "आज." तिच्या नडग्यांवर बारच्या खरचटल्याच्या खुणा आहेत, तळहाताला घट्टे आहेत. तेवढं तुमच्या लेकीलाही होईल. खोबरेल लावा.

सर, शाळेत दोन गोळे आणि एक वाकडा भाला आहे. तुम्ही सुरुवात कशी केलीत?
– एक क्रीडाशिक्षक, आटपाडी तालुका

डालड्याच्या डब्यांत सिमेंट ओतून आणि मध्ये पाण्याचा पाइप घालून. त्यावर फक्त बैठका घ्यायच्या, स्नॅच अजिबात नाही. तो पाइप फिरत नाही आणि मनगट मोडतो. गोळाफेकीच्या वर्तुळासाठी खुंटीला दोरी बांधा, १ मीटर पावणेसात सेंटिमीटरवर खूण करा आणि फिरवा. २.१३५ मीटर व्यासाचं वर्तुळ तयार. आमचं वर्तुळ एका पालकाने, गवंडी होते ते, रविवारी येऊन काँक्रीटचं करून दिलं. त्यांना एकच सांगितलं होतं, गुळगुळीत घोटू नका, पोरं घसरतील.

माझी एक चूक तुम्ही करू नका. माझ्याकडच्या एका मुलाचा क्लीन, म्हणजे बार खांद्यावर घेणं, ८० किलोवरून १०० वर गेला आणि मी हरखून गेलो. त्याचा गोळा मात्र वर्षभर जिथल्या तिथे. बार दोन्ही हातांनी सरळ वर जातो, गोळा एका बाजूने वळून सुटतो. ते वळण बार शिकवत नाही. मी आकड्यांच्या नादात त्याची फेक कमी केली होती आणि त्याचं शेवटचं शालेय वर्ष त्यात गेलं. ते मला आजही लागतं. तेव्हापासून आमच्याकडे आधी फेक, मग बार. स्पर्धेच्या आठवड्यात बार जवळजवळ बंद.

तुमच्याच तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये एफ ४६ या हाताचं अपंगत्व असलेल्या खेळाडूंच्या गटात १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक घेऊन आले. पोरांना हे सांगा, आणि १६.३२ मीटर मैदानावर टेपने मोजून तिथे चुन्याची रेघ मारा. नुसतं सांगून ते अंतर कळत नाही.

वाकडा भाला मात्र आजच बाजूला ठेवा.

मुलगा सातवीत आहे. भालाफेक की वेटलिफ्टिंग, आताच ठरवू का?
– एक वडील, मिरज

नको. पळू दे, उड्या मारू दे, क्रिकेटचा चेंडू लांब फेकू दे, झाडावर चढू दे. दहावीच्या आसपास मला त्याचा फोटो पाठवा, उभा नव्हे, फेकतानाचा.