‘डोक्यातली नस फाटली’ म्हणजे नक्की काय झालं?

गेल्या अंकात कुणाच्या तरी पथ्याच्या प्रश्नाला उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेले की माझ्या थोरल्या भावाच्या मेंदूतला ॲन्युरिझम, म्हणजे रक्तवाहिनीला आलेला फुगा, फुटला होता, आणि त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. त्यामुळे यावेळी सुनांचे, सोसायटीचे, केसगळतीचे सगळे प्रश्न बाजूला, ही तीनच घेते. मी डॉक्टर नाही हे नेहमीसारखं आधीच सांगते. सरकारी दवाखान्यात समाजसेविका म्हणून २६ वर्षं काढली, वॉर्डात आणि वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर जे बघितलं त्यातून बोलतेय.

प्रश्न : ताई, माझी आई दोन वर्षांपूर्वी अचानक गेली, घरात सगळे म्हणतात डोक्यातली नस फाटली. आता मागच्या महिन्यात मामाला पण तसंच झालं, तो वाचला, त्याच्या कागदावर ॲन्युरिझम लिहिलंय. मी ३८ ची, धाकटी बहीण ३४ ची, तिचं तर डोकं सारखं दुखतं. आम्ही दोघींनी एमआरआय करून घ्यायचा का? नवरा म्हणतो उगाच भीती घालून घेऊ नका. (कोपरखैरणे)

उत्तर : आधी एक काम करा, आईचे हॉस्पिटलचे कागद शोधा. माळ्यावर, देवघराखालच्या कपाटात, कुठेतरी प्लॅस्टिकच्या पिशवीत असतीलच, आपण ते टाकत नाही. कारण काय होतं, ‘नस फाटली’ हे आपल्याकडे दोन वेगवेगळ्या गोष्टींना म्हणतात. एक म्हणजे बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं राहतं आणि मेंदूच्या आतली बारीक रक्तवाहिनी फुटून रक्त मेंदूतच साठतं. दुसरी म्हणजे ॲन्युरिझम, म्हणजे रक्तवाहिनीची भिंत एका जागी पातळ होऊन तिथे फुगा येतो, सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो ना तसा, आणि तो फुटला की रक्त मेंदूच्या भोवती पसरतं. याला कागदावर सबअरॅक्नॉइड हॅमरेज किंवा नुसतं एसएएच असं लिहितात. घरच्यांना दोन्ही ‘हॅमरेज’च. पण पोराबाळांना पुढे काय सांगायचं ते यावरच ठरतं, आणि नेमका तोच शब्द घरात कुणाला माहीत नसतो.

आईचंही ॲन्युरिझमच निघालं तर घरात दोघं झाले. असे दोन किंवा जास्त जवळचे नातेवाईक असतील तर बाकीच्यांनी तपासून घ्यावं असं न्यूरोचे डॉक्टर सांगतात, एकालाच असेल तर सहसा सरसकट सांगत नाहीत. म्हणजे पहिला नंबर उरलेल्या मामा-मावश्यांचा, कारण त्यांच्या दोन सख्ख्या भावंडांना हे झालं, मग तुम्ही दोघी. घरात कुणाच्या किडनीत पुष्कळ गाठी असण्याचा वंशपरंपरेचा आजार असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याचा याच्याशी संबंध आहे. आणि नुसता एमआरआय नाही, एमआर अँजिओ म्हणून विचारा, त्यात रक्तवाहिन्या दिसतात.

सापडलाच तर? शंभरातल्या साधारण दोन-तीन मोठ्या माणसांच्या डोक्यात असा न फुटलेला फुगा असतो. सकाळी ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलच्या डब्यात तीनशे माणसं कोंबलेली असतील तर सहा ते नऊ जण तो घेऊन दादरला उतरतात आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही, बहुतेकांचा फुटत पण नाही. व्हॉट्सॲपवर टाइमबॉम्ब टाइमबॉम्ब करून फिरतं त्यावर जाऊ नका. किती मिलिमीटरचा, कुठल्या जागी, वय काय, बीपी काय, हे सगळं बघून न्यूरोसर्जन ठरवतात की नुसती नजर ठेवायची की काही करायचं. सिगरेट असेल तर ती मात्र आजच बंद, यात ठरवायचं काही नाही.

बहिणीचं रोजचं डोकं बहुतेक वेगळं काहीतरी आहे, दाखवा, पण त्याची यात गल्लत नको. नवऱ्याला सांगा, कागद शोधायला भीती लागत नाही.

प्रश्न : ताई, मिस्टरांना (वय ४६) पाच महिन्यांपूर्वी ऑफिसात भयंकर डोकं दुखून उलटी झाली आणि ते पडले. ॲन्युरिझम फुटला होता, फुगा आतून भरायला कॉइल टाकली, १९ दिवस ॲडमिट होते. आता हातपाय सगळं व्यवस्थित आहे, बघायला येणारे म्हणतात ‘अरे एकदम ठणठणीत!’ पण घरात मला माहीत आहे. चिडतात, संध्याकाळी सातला झोपतात, कुकरच्या शिट्टीने कान दाबून घेतात. आणि खोटं बोलायला लागलेत. लाइटबिल भरलं म्हणाले, कुठे भरलं, रांगेत कोण भेटलं सगळं सांगितलं, आणि बिल फ्रिजवर तसंच. सासूबाई म्हणतात तूच फार प्रश्न विचारतेस. मी कुणाशी बोलू? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग उठून चहा केला, कारण आमच्याकडे बिल नव्हतं, गॅस सिलिंडर होता. दादा म्हणाला नंबर लावला, ‘तो नवीन मुलगा होता फोनवर, नम्र होता हो’, असं पण सांगितलं. नंबर लावलेलाच नव्हता. वहिनी रडली, मी त्याला चार शब्द सुनावले. आजही ते आठवलं की लाज वाटते.

ते खोटं बोलत नाहीयेत. डिस्चार्ज कार्ड काढा आणि बघा कुठे ‘एकॉम’ किंवा अँटिरिअर कम्युनिकेटिंग असं काही लिहिलंय का. ही मेंदूच्या पुढच्या भागातली जागा आहे, ॲन्युरिझम होण्याच्या नेहमीच्या जागांपैकी एक. तिथे रक्तस्राव झाला की काही जणांच्या आठवणीत भोकं पडतात आणि मेंदू ती भोकं आपणहून भरून टाकतो. फसवायचा हेतू नसतो, त्या माणसाला ते खरंच घडल्यासारखं वाटतं. स्वभावात बदल, चटकन राग, हेही तिथलंच. तुमच्याकडे दुसरी जागा लिहिलेली निघाली तरी थकवा, आवाज-उजेड सहन न होणं, विसरभोळेपणा हे या आजारातून उठलेल्या पुष्कळ जणांना असतं, महिनोन्‌महिने असतं. पुढच्या फॉलोअपला फक्त स्कॅन दाखवून परत येऊ नका. बिलाची गोष्ट जशी मला लिहिलीत तशीच सांगा आणि न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे पाठवा म्हणावं, स्मरणशक्तीची रीतसर चाचणी होते, मग ऑक्युपेशनल थेरपीत वही, अलार्म, एका वेळी एकच काम असं शिकवतात. गाडी आणि ऑफिस परत कधी, हेही तिथेच विचारा, सोसायटीतल्या लोकांना नको.

तोपर्यंत घरात एक करा. ‘भरलं का?’ असं विचारूच नका, विचारलं की मेंदू उत्तर तयार करतो. ‘चला, दोघं मिळून भरू’ म्हणा. आम्हाला हे कळायला आठ महिने गेले. सातला झोपतात तर झोपू द्या, पाहुण्यांची वेळ सकाळी अकराची ठेवा आणि अर्ध्या तासात चहा देऊन निरोप द्या, वाईटपणा मी माझ्याकडे घेते.

आता तुमचा खरा प्रश्न, कुणाशी बोलू. आपल्याकडे पेशंट आयसीयूत असेपर्यंत सगळं गाव गोळा होतं. त्या निमोडिपिनच्या गोळ्या आठवतात ना, दर चार तासांनी, तीन आठवडे? घरी आणल्यावर शेवटचे दिवस रात्री दोनचा अलार्म, सकाळी सहाचा अलार्म, तेव्हा शेजारची मुलगी पण उठून विचारायची ‘दिली का?’ अलार्म बंद झाले आणि लोकंही बंद झाली. परदेशातल्या संस्था नेमक्या इथून पुढे कामाला येतात. अमेरिकेत ब्रेन ॲन्युरिझम फाउंडेशन आहे, १९९४ पासून, मॅसॅच्युसेट्समध्ये, त्यांच्या कामाचा एक मोठा भाग म्हणजे यातून गेलेल्या माणसांना आणि घरच्यांना एकमेकांसमोर बसवणं. त्या एमिलिया क्लार्क नावाच्या नटीला, ती ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधली ड्रॅगनवाली, २०११ मध्ये असाच रक्तस्राव झाला होता, काही दिवस तिला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, तिने २०१९ मध्ये सेमयू म्हणून संस्था काढली ती दवाखान्यातून घरी आल्यानंतरच्या काळासाठीच. त्यांना इतकं समजलं, आपण अजून ‘काय मग, कामावर कधी?’ वरच आहोत.

तुमच्यासाठी दोन गोष्टी. रात्री फारच कोंडल्यासारखं झालं तर टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, १४४१६ आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात, पेशंटच्या घरच्यांनीही लावायला काही हरकत नाही. दुसरी गोष्ट खालच्या पत्राच्या शेवटी सांगते.

प्रश्न : मावशी, मी २४ वर्षांचा, कळव्याला राहतो. माझ्या जिवलग मित्राची ताई याच आजाराने गेली, तिला आदल्या दिवशी मेडिकलमधून गोळी आणून दिली होती, आम्हाला वाटलं ॲसिडिटी. आम्ही आठ-दहा मित्र मिळून तिच्या नावाने संस्था काढायची म्हणतोय. सप्टेंबरमध्ये तलावपाळीला वॉक, टी-शर्ट, नंतर रिसर्चला पैसे. रजिस्ट्रेशन कसं करतात? आणि ते उपचारात पुढे काही संशोधन चालू आहे का, की झालं ते झालं? (कळवा)

उत्तर : बाळा, रजिस्ट्रेशन शेवटी. धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस ठाण्यातच आहे, ते कुठे पळून जात नाही. सात जण, घटना, खातं, मग देणगीवरच्या करसवलतीचं ८०-जी, हे सगळं होईल, पण पावती पुस्तक आधी छापून काम नंतर शोधणाऱ्या संस्था मी खूप बघितल्यात, दुसऱ्या वर्षी अध्यक्ष कोण यावर भांडण होतं.

तुझ्या पत्रात एक शब्द आहे तो धर. मेडिकल. आपल्याकडे डोकं दुखलं की माणूस डॉक्टरकडे जात नाही, काउंटरवर जातो, ‘एक डोकेदुखीची स्ट्रिप द्या’. माझ्या दादाचंही तेच, वर एका दवाखान्यात पित्त म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी तो बाथरूममध्ये पडला. तेव्हा टी-शर्टचे पैसे वाचवा आणि कळवा-ठाण्यातल्या मेडिकलच्या काउंटरवर चिकटवायला एक हातभर स्टिकर करा, मराठीत आणि हिंदीत. त्यावर एवढंच : आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं एकदम, मिनिटभरात टोकाला जाऊन दुखलं, बरोबर उलटी, मान आखडणं, उजेड न सोसणं, एक पापणी खाली येणं, चक्कर किंवा शुद्ध हरपणं यातलं काही असेल तर गोळी नको, १०८ लावा, सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलात जा. काउंटरवाल्याला तोंडी सांग की अशा वेळी ॲस्पिरिनवाली गोळी तर अजिबात नको, रक्त गोठायला अडथळा येतो. घाई कशाला ते पण सांग : पहिल्या सहा तासांत चांगल्या मशीनवर साधा सीटी काढला तर तो जवळजवळ सगळे रक्तस्राव पकडतो, उशीर झाला की हुकण्याची शक्यता वाढते, मग पाठीतलं पाणी काढून बघावं लागतं. आणि पहिल्या २४ तासांतच परत फुटण्याचा धोका सगळ्यात जास्त.

सप्टेंबर हा तिकडे अमेरिकेत या आजाराच्या जागृतीचा महिना आहे, आणि आपल्याकडे बऱ्याचदा तेव्हाच गणपती. वॉकला शंभर जण येतील, तुमच्या मंडळासमोरून दहा दिवसांत हजारो जातात. आरतीनंतर माइक हातात असतो ना तुमच्या, लकी ड्रॉच्या आधी दोन मिनिटं बोल.

पैशाची माहितीही लोकांना द्या. कॉइल किती लागतील हे आत गेल्यावरच कळतं आणि प्रत्येकीचं बिल वेगळं, त्यात घरं बुडतात. महात्मा फुले योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, ॲडमिट करतानाच त्याला गाठायचं, हेल्पलाइन १५५३८८. धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के सवलतीत असतात, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, हे मी बाकड्यावर बसून शिकलेय.

संशोधनाचं म्हणशील तर झालं ते झालं असं अजिबात नाही. १९३७ मध्ये वॉल्टर डँडी नावाच्या सर्जनने कवटी उघडून फुग्याच्या मानेला क्लिप लावली, १९९० मध्ये गुग्लिएल्मीची कॉइल आली, जांघेतून तार घालून फुगा आतून भरायचा. २००२ मध्ये आयसॅट म्हणून मोठी चाचणी छापून आली, ज्यांना दोन्ही उपाय चालण्यासारखे होते अशा पेशंटमध्ये वर्षभरानंतर कॉइलवाले जास्त बऱ्या अवस्थेत होते. आता फुग्याच्या तोंडाशी जाळीची नळी बसवतात, आत शिरणारं रक्त कमी होतं आणि फुगा हळूहळू बंद होतो. पण कुणाचा फुटेल आणि कुणाचा नाही हे आधी छातीठोक सांगता येत नाही, त्यावरच काम चाललंय. अमेरिकेतलं ते ब्रेन ॲन्युरिझम फाउंडेशन नव्या संशोधकांना सुरुवातीची छोटी ग्रँट देतं, काही ग्रँट गेलेल्या माणसांच्या नावाच्या असतात. तुमच्या ताईच्या नावाची कधीतरी होईल, पण आज तुमच्या आठ-दहा जणांच्या खिशातून नाही होणार. आज तुमच्याकडे संध्याकाळ मोकळी आहे आणि मंडळाची खोली आहे.

म्हणून वरच्या नौपाड्याच्या ताईंसाठी राखलेली दुसरी गोष्ट ही. महिन्यातून एक रविवार, मंडळाच्या खोलीत दहा खुर्च्या टाक, पंखा चालू कर, स्पीकर बंद. पेशंटनी एका बाजूला कॅरम खेळावा, घरच्यांनी दुसऱ्या बाजूला बोलावं. मी आणि वहिनी येतो. दादा येईल की नाही सांगता येत नाही, येतो म्हणाला आहे, पण ते त्याने खरंच म्हटलंय का हे मला घरी जाऊन बघावं लागेल. तुम्हा दोघांची हरकत नसेल तर मासिकाच्या ऑफिसात फोन करून तसं कळवा, नंबर जुळवून द्यायला संपादकांना सांगून ठेवलंय.