फोटो उलटा करून बघा

प्रश्न : माझे वडील सांगलीजवळच्या एका कारखान्यात मोल्डर होते. १९६४ साली कारखान्याच्या रौप्यमहोत्सवात त्यांना स्टेजवर बोलावून भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्या समारंभाची फिल्म काढली होती. कॉलनीच्या मैदानात पडदा बांधून ती दाखवली, तेव्हा मी सहा वर्षांची होते. कारखाना केव्हाच बंद पडला, फिल्मचा पत्ता कुणालाच नाही. शोधायची कुठे? त्या दिवसाचा एक फोटो सोबत पाठवते आहे.
— एक वाचिका, सांगली

उत्तर : ताई, फोटोत तुमच्या घरचे सगळे घड्याळाकडे बघत असतील. मी डाव्या कोपऱ्यात तिवईमागे वाकलेल्या माणसाकडे बघत बसलो. कॅमेरा लहान आहे, बाजूला चावी दिसते. म्हणजे बहुधा १६ मिलिमीटरचा, चावी भरून चालणारा. त्यात १०० फुटांचं रीळ बसतं, ते जेमतेम पावणेतीन मिनिटं पुरतं, आणि एकदा भरलेली चावी साधारण अर्ध्या मिनिटात संपते. तेव्हा वडील सापडले तरी पाच-दहा सेकंदच सापडतील, हे आधीच सांगून ठेवतो.

आता आठवा, पडद्यावरची भाषणं ऐकू येत होती, की कुणीतरी माइकवरून ‘हे आपले अमुक साहेब’ असं सांगत होतं? मुकी असेल तर ती बहुधा रिव्हर्सल फिल्म. तिची निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यात फिरली तीच धुऊन पडद्यावर येते. म्हणजे मैदानात दाखवलं तेच एकुलतं एक रीळ. आवाज असेल तर लॅबमध्ये प्रिंट निघाली असणार, आणि मग लॅबकडे निगेटिव्हची चौकशी करायची आणखी एक वाट फुटते.

साताऱ्यात फिरत्या सिनेमाच्या गाडीवर मी एकवीस वर्षं ऑपरेटर होतो. तिकडच्या एका कारखान्याची अशीच फिल्म हरवली होती. ऑफिस, स्टोअर, अकाउंट्स सगळं पालथं घातलं. सापडली कामगार क्लबच्या नाटकाच्या ट्रंकेत, मुकुट आणि दाढ्यांच्या खाली, कारण प्रोजेक्टर क्लबचा होता! डबा गंजून बसलेला. रुपयाच्या नाण्यानं कड उचकटली तर व्हिनेगरचा भपकारा आला. आत चिठ्ठी : ‘पानसुपारी, भाग २’. महोत्सवाचं नावही नव्हतं. आणि मी शहाण्यानं ती तशीच प्रोजेक्टरला लावली. आक्रसलेली फिल्म, दात्यांत भोकं फाटत गेली. ३६ फूट, म्हणजे बरोबर एक मिनिट, माझ्या हातून गेलं. भाग १ आजतागायत मिळालेला नाही.

म्हणून ‘ज्युबिलीची फिल्म कुणाकडे आहे’ असं विचारू नका. प्रोजेक्टर कुणाच्या ताब्यात असायचा, ते विचारा. क्लबचे जुने सेक्रेटरी, मशीन चालवणाऱ्याची मुलं. आणि तो फोटो फ्रेममधून काढून उलटा करा. तेव्हाचे स्टुडिओवाले मागे शिक्का मारत. लग्नाचे फोटो आणि समारंभाची फिल्म एकाच माणसाकडे असण्याचा जमाना होता तो.

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, योगायोगानं १९६४ सालीच स्थापन झालेलं. तिथे पत्र टाका, पण साल, गाव, पाहुणे कोण, मुकी की बोलकी, हे सगळं लिहून. पाहुणा बडा मंत्री असेल तर फिल्म्स डिव्हिजन या सरकारी खात्याच्या बातमीपटातही तुकडा असू शकतो. ते खातं २०२२ मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं. फिल्म थिएटरात लागली असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागलं असणार, आणि १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार ते भारताच्या राजपत्रात छापावं लागतं. कॉलनीपुरत्या खेळासाठी मात्र या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

डबा मिळाला तर माझ्यासारखं करू नका. व्हिनेगरचा वास येत असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका आणि दुसऱ्या रिळांजवळ ठेवू नका, आंबटपणा त्यांनाही लागतो. सांगलीकरांना हेही सांगायला हवं, २००५ आणि २०१९ नंतर तर नक्कीच : पुरात भिजलेलं रीळ उन्हात वाळवायचं नाही, थर एकमेकांना चिकटतात. स्वच्छ गार पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचं आणि तसंच लॅबवाल्याकडे न्यायचं.

शिक्क्यावरचं नाव वाचता आलं तर कळवा. मिरज-सांगलीचे त्या काळातले बरेच स्टुडिओवाले आमच्या गाडीवर फिल्म जोडायचा सिमेंट, म्हणजे चिकटवायचं द्रावण, मागायला येत.