बेली डान्स म्हणजे तुर्कस्तानचं लोकनृत्य का?

प्रश्न : ताई, मे महिन्यात आम्ही इस्तंबूलला जाऊन आलो. बॉस्फरसवर बोटीत जेवताना बेली डान्स होता. गाइड म्हणाला, हे आमचं लोकनृत्य. तिथल्या घरच्या बायका असं नाचतात? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाचतात, पण तुम्ही पाहिलंत तसं नाही. तुर्कस्तानातल्या इझमीर शहरात मी चार वर्षं होते. शेजारच्या मुलीच्या ‘कना गेजेसी’ला, म्हणजे लग्नाआधीच्या मेंदीच्या रात्री, मलाही बोलावणं होतं. लाल ओढणीआडची नवरी मूठ उघडेना. सासूने सोन्याचं नाणं पुढे केलं तेव्हा कुठे हाताला मेंदी लागली. मग दरबुका (हाताने वाजवायचं चर्मवाद्य) वाजू लागला आणि चिफ्तेतेल्ली नावाच्या नाचाच्या ठेक्यावर सत्तरीची आजी उठली. अंगात घरचा लोकरी स्वेटर, हात खांद्याच्या वर, आणि कंबर इतकी हलकी की बघतच राहावं! पुरुष एकही नव्हता. मला मंगळागौरीची जागरणं आठवली.

आनंदाने नाचण्याला तुर्कीत ‘ग्योबेक आत्मक’ म्हणतात, शब्दशः ‘पोट उडवणं’. बोटीवरचा चमचमत्या पोशाखातला नाच तो ‘ओरियंतल’. तो पोटापाण्याचा व्यवसाय. उस्मानी काळात तो चेंगी म्हणवणाऱ्या नर्तकी आणि बायकी वेशातले कोचेक मुलगे करायचे. इस्तंबूलच्या सुलुकुले वस्तीतल्या रोमा (जिप्सी) कुटुंबांनी हे नाचगाणं पिढ्यान् पिढ्या सांभाळलं. ती वस्तीच 2008 च्या सुमारास नगरविकासाच्या नावाने पाडली गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

लोकनृत्यं मात्र प्रांतागणिक वेगळी. काळ्या समुद्राकाठी केमेन्चे या छोट्या तंतुवाद्याच्या सुरांवर होरोन, कोन्या शहराकडे लाकडी चमचे वाजवत केलेला नाच. माझा जीव जडला तो इझमीरकडच्या झेयबेकवर. नऊ मात्रांचा, संथ. हात गरुडाच्या पंखांसारखे पसरतात, एक गुडघा जमिनीला टेकतो, नाचणारा सावकाश उठतो. घाई म्हणून नाही.

पुन्हा गेलात आणि लग्नाचं आमंत्रण मिळालं, तर हालाय हा रांगेतला नाच चुकवू नका. दावूल (मोठा ढोल) आणि झुर्ना (आपल्या सनईचीच नातलग) सुरू झाली की लोक करंगळीत करंगळी अडकवून रांग धरतात. रांगेत सगळ्यांत पुढे असलेला माणूस रुमाल फिरवत असतो, त्याच्या पायांकडे बघा. त्याच्या शेजारी मात्र शिरू नका, रांगेच्या शेपटाला जोडून घ्या.