ऑगस्टमधली ती केशरी फुले पॉपीची नव्हेत

दक्षिण अ‍ॅरिझोनात सोनोइटाच्या गवताळ माळावर ऑगस्टमध्ये दिसलेली केशरी फुले कॅलिफोर्निया पॉपीची आहेत का आणि त्यांचे बी अंगणात लावता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. ती पॉपी नव्हे. ती कॉल्स्ट्रोमिया ग्रँडिफ्लोरा, तिथलीच मूळची, उन्हाळी पावसावर उगवून त्याच हंगामात संपणारी वनस्पती आहे. लोक तिला ‘अ‍ॅरिझोना पॉपी’ म्हणतात आणि सगळा घोटाळा त्या नावाने केला आहे.

काही वर्षांपूर्वी याच माळावर माझ्या दिरांनी गाडीतूनच फोटो काढला, फोनमधल्या अ‍ॅपला दाखवला आणि ‘पॉपी’ म्हणून विषय संपवला. मी मात्र खाली उतरून गुडघ्यांवर बसले. माझे बालपण सांगोल्याला गेले, पायांत रुतलेले सराट्याचे काटे काढण्यात कित्येक संध्याकाळी गेल्या, त्यामुळे जमिनीलगत पसरलेली ती लवदार फांदी आणि तिच्यावरची चिंचेसारखी जोडीजोडीने लागलेली पानुली पाहताच माझी खात्री पटली. “भावजी, ही सराट्याच्या घरातली आहे,” असे मी म्हणाले, तेव्हा सगळे हसले. काटेरी सराट्याच्या नात्यात एवढे देखणे फूल कसे असेल, हे कोणाला पटेना. परंतु दोघांचे कूळ खरोखरच एक आहे. सराट्याचे फूल लहान आणि पिवळे, तर हिचे सुमारे दोन इंच रुंद आणि केशरी; पाकळ्या मात्र दोघांनाही पाचच. सराट्याचे फळ पाच काटेरी तुकड्यांत फुटते. हिच्या फळाला चोच असते, ते साधारण दहा तुकड्यांत फुटते आणि हातात धरले तरी टोचत नाही.

पॉपीला पाकळ्या चार असतात, पाने शेपूसारखी बारीक चिरलेली असतात आणि कळीवर हिरवी टोपी असते, जी फूल उमलताना गळून पडते. शिवाय तिथली पॉपी हिवाळी पावसावर वाढून वसंतात फुलते. ऑगस्टच्या माळावर तिला शोधणेच चूक आहे. केवळ रंग पाहून नाव ठेवणाऱ्याने वनस्पती ओळखली असे मी मानत नाही, मग ते अ‍ॅप असो वा घरातले वडीलधारे.

अर्थात, सराट्याच्या कुळातल्या लहान फुलांच्या जातीही तिथे आढळतात, म्हणून फुलाचा आकारही पाहावा. कॉल्स्ट्रोमियाचे बी उन्हाळी पावसाच्या उबेतच रुजते; मात्र संरक्षित जागेतून ते उचलण्यापूर्वी तिथले नियम विचारून घ्यावेत.

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर तो फोटो अजूनही ‘पॉपी’ म्हणूनच आहे. त्यातल्या एका फुलाच्या पाचही पाकळ्या स्वच्छ दिसतात. तुम्हीही तुमच्या फोटोतल्या मोजा.