नवरीला साडी नेसवायला शिकतेयस ना? आधी एवढं सांभाळ

आलिया भट्टने 2022 मध्ये लग्नात नेसलेली हस्तिदंती ऑर्गंझा साडी प्रत्येक नवरी फोनवर दाखवते. सुंदरच आहे ती, पण रत्नागिरीच्या मे महिन्यातल्या घामात ऑर्गंझा लगेच चुरगळतो. रंग तोच ठेव, कापड मऊ रेशमी सुचव.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:

- सहावारीची नववारी करणं. कासोट्याला कापड पुरत नाही गं.
- जुन्या पिना. खाऱ्या हवेत गंज चढतो, रेशमावर तांबूस ठिपका उमटतो आणि तो सहजासहजी जात नाही. दरवेळी नव्या पिना घे, खाली कापडाचा तुकडा ठेव.
- नेसवून झालं की तिला मांडी घालून बसवून न बघणं.

पेशवाई, मस्तानी वगैरे नववारी नेसवायच्या पद्धती पुढे शिकशील. मार्चमधलं लग्न असेल तर सुरंगीच्या सुवासिक फुलांचा वळेसर (गजरा) मात्र माळच!